पगारपत्रक आउटसोर्सिंग

पगारपत्रक आउटसोर्सिंग म्हणजे एखाद्या आस्थापनेने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा हिशेब, त्यातील वैधानिक कपाती, कराचा भरणा आणि संबंधित विवरणपत्रे ही कामे बाहेरच्या व्यावसायिक संस्थेकडे सोपविणे होय. महाराष्ट्र शासनाच्या लिखाणात आउटसोर्सिंगसाठी 'बाह्ययंत्रणा' किंवा 'बाह्यस्रोत' हे शब्द वापरले जातात. बोलीभाषेत या संपूर्ण कामाला 'पेरोल' असेही म्हणतात.

नियोक्ता एका देशात आणि कर्मचारी दुसऱ्या देशात असेल, तर या सेवेला वेगळे महत्त्व येते. अशा वेळी केवळ हिशेबाचा प्रश्न उरत नाही. कोणत्या देशाचा कामगार कायदा लागू होतो, कर कोठे भरावयाचा, भविष्य निर्वाह निधी कोणी जमा करावयाचा आणि वेतन थकल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हे प्रश्न उभे राहतात. इंटरनेटमुळे वाशीमसारख्या जिल्ह्यात घरी बसून परदेशी कंपनीचे काम करणे शक्य झाले आहे. त्यामुळे हे प्रश्न आता महानगरांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत.

## संकल्पना व प्रकार

परदेशी कंपनीला भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून काम करून घ्यावयाचे असल्यास सामान्यतः पुढील चार मार्ग आढळतात.

स्वतःची कंपनी: परदेशी उद्योग भारतात कंपनी अधिनियम, २०१३ नुसार उपकंपनी स्थापन करतो आणि ती उपकंपनी कर्मचारी नेमते. कायद्याच्या दृष्टीने हा सर्वांत स्पष्ट मार्ग होय. मात्र दोन-चार माणसांसाठी नोंदणी, लेखापरीक्षण व वार्षिक विवरणपत्रे यांचा खर्च परवडत नाही.

पगारपत्रक सेवा: नियोक्ता तोच राहतो. बाहेरची संस्था फक्त हिशेब करते, पगारचिठ्ठी तयार करते आणि भरणा करते. चूक झाली तरी कायद्यापुढे उत्तरदायित्व मूळ नियोक्त्याचेच असते. या मार्गासाठी नियोक्त्याची भारतात नोंदणी असणे आवश्यक ठरते.

त्रयस्थ नियोक्ता: या पद्धतीला व्यवसायात 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' असे नाव आहे. भारतात नोंदणी असलेली एक संस्था कर्मचाऱ्याला स्वतःच्या नावाने नेमणूकपत्र देते, पगार देते आणि सर्व वैधानिक भरणा करते. रोजचे काम मात्र परदेशी कंपनी सांगते. परदेशी कंपनी या संस्थेला पगाराची रक्कम व सेवाशुल्क देते. कागदोपत्री मालक एक आणि कामापुरता मालक दुसरा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

स्वतंत्र व्यावसायिक: येथे नोकरीचे नाते नसते, सेवेचा करार असतो. काम करणारी व्यक्ती दरमहा बिल पाठवते आणि बँकेमार्फत परकीय चलनातील मोबदला स्वीकारते. तिला 'फ्रीलान्सर' म्हणतात. तिला भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा, उपदान (ग्रॅच्युइटी) यांपैकी काहीही मिळत नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या मार्गांतील फरक अनेकदा लक्षात घेतला जात नाही. पहिल्यात फक्त हिशेबनीस बदलतो, तर दुसऱ्यात मालकच बदलतो. नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे, यावरून हा फरक ओळखता येतो.

## पार्श्वभूमी

कामगार आणि मालक यांच्यामध्ये तिसरा माणूस असणे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये कामगारांची भरती दीर्घकाळ जॉबर म्हणजे मुकादमामार्फत होत असे. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार आजही मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात. कारखाना मुकादमाशी करार करतो आणि मुकादम कामगारांशी व्यवहार करतो. मजुरीचा हिशेब उचलीतून वळता होत असल्यामुळे कामगाराचा खरा मालक कोण, हा प्रश्न तेथे सातत्याने उपस्थित होत आला आहे.

परदेशातील कामासाठी भारतीय मजुरांची भरती १९व्या शतकात गिरमिट पद्धतीने होत असे. मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिया मजूर नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकण व आसपासच्या भागांतील मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात. वेतन, मुदत आणि परतीचा प्रवास करारात लिहिलेला असे, पण तो करार वाचू शकणारे मजूर थोडेच होते.

वेतन वेळेवर व बेकायदा कपातीविना मिळावे यासाठी भारतात वेतन प्रदान अधिनियम, १९३६ करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर किमान वेतन अधिनियम, १९४८, कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९५२ हे कायदे आले. प्रत्येक कायद्याबरोबर एखादी कपात, नोंदवही किंवा विवरणपत्र वाढत गेले. हजेरीपटावर म्हणजे मस्टरवर सही घेऊन रोख पगार वाटणाऱ्या लेखनिकाचे काम त्यामुळे तज्ज्ञाचे काम झाले.

पगारपत्रकाचे काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून अमेरिकेत वाढले. हेन्री टॉब यांनी १९४९ मध्ये न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन येथे 'ऑटोमॅटिक पेरोल्स' ही संस्था सुरू केली. तीच पुढे 'ऑटोमॅटिक डेटा प्रोसेसिंग' (एडीपी) या नावाने प्रसिद्ध झाली. भारतात १९९१ नंतर माहिती तंत्रज्ञान उद्योग वाढला, तशा पुणे, मुंबई, हैदराबाद व बंगळूरू येथे अशा सेवा देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. २०२० मधील कोविड-१९ साथीच्या काळात घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली. त्यानंतर त्रयस्थ नियोक्ता सेवेचा विस्तार वेगाने झाला.

## भारतातील कायदेशीर चौकट

### चार कामगार संहिता

केंद्र शासनाने २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता तयार केल्या. वेतन संहिता, २०१९. औद्योगिक संबंध संहिता, २०२०. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०. आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अशी त्यांची नावे आहेत. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. वेतनपत्रकाच्या दृष्टीने त्यांतील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

* 'वेतन' या शब्दाची एकच व्याख्या करण्यात आली. घरभाडे, प्रवासभत्ता इत्यादी वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून अधिक असल्यास अधिकचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवून उपदान वा निधीची रक्कम घटविण्यास मर्यादा आली.
* मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देणे बंधनकारक आहे.
* कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यास किंवा त्याला कामावरून कमी केल्यास देय वेतन दोन कार्यदिवसांत द्यावे लागते.
* नेमणूकपत्र देणे आवश्यक ठरविण्यात आले आहे.
* ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कर्मचाऱ्यास एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर उपदान मिळते. कायम कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांची अट कायम आहे.
* थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो.

### भविष्य निर्वाह निधी व विमा

२० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस भविष्य निर्वाह निधी लागू होतो. कर्मचारी व नियोक्ता या दोघांची वर्गणी प्रत्येकी १२ टक्के असते. सक्तीच्या वर्गणीसाठी १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये ही मासिक वेतनमर्यादा ठरली. नियोक्त्याच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ कडे वळते. वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा करावी लागते. प्रत्येक सदस्याला सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) मिळतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजना १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांस लागू आहे. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी तिच्या कक्षेत येतात. १ जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याची वर्गणी ०.७५ टक्के व नियोक्त्याची ३.२५ टक्के ठरविण्यात आली.

### महाराष्ट्रातील कायदे

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. या अधिनियमाने वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा, साप्ताहिक सुटी आणि वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा दिली.

राज्याचा व्यवसाय कर १९७५ च्या अधिनियमानुसार वसूल होतो. मासिक वेतन १०,००० रुपयांहून अधिक असल्यास दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. १ एप्रिल २०२३ पासून मासिक २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना हा कर माफ आहे. याशिवाय महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची सहामाही वर्गणी जून व डिसेंबरच्या पगारातून घेतली जाते.

किमान वेतन राज्यात उद्योगागणिक आणि परिमंडळागणिक वेगळे असते. महागाईशी निगडित विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यामुळे एकाच पदाचे किमान वेतन पुण्यात व वाशीम जिल्ह्यातील गावात भिन्न असू शकते.

### आयकर

वेतनातून आयकराची उद्गम कपात करणे ही नियोक्त्याची जबाबदारी आहे. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १९२ मध्ये ही तरतूद होती. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणाऱ्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही वेतनावरील उद्गम कपात कायम आहे. भारताचा निवासी असलेल्या व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र असते. म्हणून परदेशातून थेट खात्यात आलेल्या पगारातून कोणी कर कापला नाही, तरी तो भरण्याचे कर्तव्य टळत नाही. वर्षाचा देय कर १०,००० रुपये वा अधिक असल्यास जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च यांच्या १५ तारखेपर्यंत आगाऊ कराचे हप्ते भरावे लागतात.

परदेशी कंपनीपुढे आणखी एक प्रश्न असतो. तिचा भारतातील कर्मचारी तिच्या वतीने करार करीत असेल किंवा तिचे भारतात कायमस्वरूपी व्यवसायस्थान आहे असे ठरले, तर त्या व्यवसायाशी संबंधित नफ्यावर भारतात कर द्यावा लागू शकतो. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांमध्ये या संज्ञेची व्याख्या दिलेली असते. त्रयस्थ नियोक्ता नेमल्याने हा धोका आपोआप नाहीसा होत नाही. कर्मचारी प्रत्यक्षात कोणते काम करतो, हे पाहिले जाते.

## वेतनपत्रकाचे उदाहरण

समजा, एका कर्मचाऱ्याचा एकूण मासिक पगार ३०,००० रुपये आहे. त्यात मूळ वेतन १५,००० रुपये व भत्ते १५,००० रुपये आहेत. फेब्रुवारी वगळता इतर महिन्यांचा हिशेब पुढीलप्रमाणे होईल.

| बाब | रक्कम (रुपये) |
|---|---|
| एकूण पगार | ३०,००० |
| भविष्य निर्वाह निधी, कर्मचाऱ्याचा हिस्सा (१२ टक्के) | १,८०० |
| व्यवसाय कर | २०० |
| हाती येणारी रक्कम | २८,००० |

या हिशेबात कर्मचारी राज्य विमा धरलेला नाही. वार्षिक उत्पन्न ३,६०,००० रुपये असल्याने नव्या कररचनेत आयकरही लागत नाही.

नियोक्त्याचा खर्च याहून अधिक असतो. निधीतील त्याचा हिस्सा १,८०० रुपये, ठेवसंलग्न विम्याचे ७५ रुपये, प्रशासकीय आकार ७५ रुपये आणि उपदानासाठी बाजूला ठेवावयाचे सुमारे ७२१ रुपये धरल्यास एकूण खर्च सुमारे ३२,६७० रुपये होतो. त्यात बोनस धरलेला नाही. नोकरीच्या प्रस्तावात 'सीटीसी' म्हणून सांगितला जाणारा आकडा हा असा असतो. तो हाती येणाऱ्या पगारापेक्षा बराच मोठा दिसतो आणि नवखे उमेदवार त्यालाच पगार समजतात.

उपदानाचे सूत्र अंतिम मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे असे आहे. १५,००० रुपये वेतनावर सहा वर्षांच्या सेवेचे उपदान सुमारे ५१,९२३ रुपये होते. हेच काम सहा वर्षे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून केल्यास उपदान मिळत नाही. निधीतील दोन्ही हिस्से मिळून महिन्याला ३,६०० रुपयांप्रमाणे सहा वर्षांत जमा झालेली २,५९,२०० रुपयांची वर्गणी व तिच्यावरील व्याज हेही नसते. परदेशी कंपनीने देऊ केलेला 'जास्त' पगार खरोखर जास्त आहे का, हे या रकमा हिशेबात धरल्यावरच कळते.

## उत्तरदायित्वाचा प्रश्न

भारतात बसून केलेल्या कामाला सामान्यतः भारतातील कामगार कायदा लागू होतो. करारात परदेशी न्यायालयाचा उल्लेख असला, तरी वैधानिक किमान हक्क करार करून सोडून देता येत नाहीत. अडचण अंमलबजावणीत येते. ज्या कंपनीचे भारतात कार्यालय नाही, मालमत्ता नाही आणि निधीचा संकेतांक नाही, तिच्याकडून वसुली करणे शासकीय यंत्रणेलाही कठीण जाते. त्रयस्थ नियोक्ता असल्यास किमान नोटीस बजावता येईल असा भारतीय पत्ता उपलब्ध असतो. या पद्धतीचा कर्मचाऱ्याला होणारा हा सर्वांत मोठा लाभ मानला जातो.

कंत्राटी कामगारांबाबत भारतीय कायद्याचे तत्त्व जुने आहे. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० नुसार कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येत असे. हे तत्त्व नव्या संहितेतही कायम ठेवण्यात आले आहे. ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया विरुद्ध नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स या खटल्यात निर्णय दिला. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मुख्य नियोक्त्याचे कर्मचारी होत नाहीत. मात्र कंत्राट केवळ देखावा असल्याचे सिद्ध झाल्यास ते मुख्य नियोक्त्याचेच कर्मचारी ठरतात, असे त्यात म्हटले आहे. काम कोण सांगतो, देखरेख कोण करतो, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो आणि पगार कोण देतो, या कसोट्या अशा वादांत लावल्या जातात.

स्वतंत्र व्यावसायिकांबाबतही हाच वाद उद्भवतो. एकाच कंपनीचे काम, ठरलेले तास, रजेसाठी परवानगी आणि दरमहा तीच रक्कम असे असेल, तर करारावर 'सेवा' लिहिले असले तरी नाते नोकरीचे आहे असा दावा करता येतो. अनेक देशांत अशा चुकीच्या वर्गीकरणासाठी नियोक्त्याला मागील वर्षांचा कर व सामाजिक सुरक्षेची वर्गणी दंडासह भरावी लागते.

नियोक्त्याने कर्मचाऱ्याच्या पगारातून निधीची वर्गणी कापून ती जमा न करणे हा फौजदारी न्यासभंग ठरू शकतो. पगारचिठ्ठीत कपात दिसते, पण निधीच्या पासबुकात नोंद नाही, हे अशा प्रकाराचे पहिले लक्षण होय. पासबुक संकेतस्थळावर किंवा 'उमंग' ॲपवर पाहता येते.

## परदेशात कर्मचारी नेमताना

महाराष्ट्रातील उद्योगांनाही परदेशात विक्री प्रतिनिधी, अभियंते वा परिचारक नेमावे लागतात. तेथे त्यांना त्या देशाचे नियम पाळावे लागतात. भारतातील नेमणूकपत्राचा नमुना जसाच्या तसा वापरणे ही नेहमी होणारी चूक आहे.

* संयुक्त अरब अमिराती: वेतनावर आयकर नाही. २००९ पासून वेतन संरक्षण प्रणालीमार्फत पगार देणे सुरू झाले. एका वर्षाच्या सेवेनंतर सेवासमाप्ती उपदान मिळते. ते पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि त्यापुढे ३० दिवसांच्या मूळ वेतनाइतके असते.
* जर्मनी: पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्याने मिळते. दुसऱ्या कंपनीकडे कर्मचारी पुरविण्याची मुदत २०१७ पासून सामान्यतः १८ महिन्यांपुरती मर्यादित आहे. त्यामुळे त्रयस्थ नियोक्ता पद्धतीवर तेथे बंधने येतात.
* युनायटेड किंग्डम: पगारातून कर कापण्याची 'पे' पद्धत १९४४ पासून लागू आहे. वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा आणि निवृत्तिवेतन योजनेत आपोआप नोंदणी बंधनकारक आहे.
* अमेरिकेची संयुक्त संस्थाने: संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. अनेक राज्यांत ते अधिक आहे. बहुतेक राज्यांत ठोस कारण न देताही नोकरी संपविता येते. मात्र वंश, लिंग, धर्म इत्यादी कारणांनी भेदभाव करण्यास मनाई आहे.

भारताने काही देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. बेल्जियमशी झालेला करार १ सप्टेंबर २००९ पासून आणि जर्मनीशी झालेला सर्वंकष करार १ मे २०१७ पासून लागू झाला. भारतीय कंपनीने ठरावीक काळासाठी पाठविलेला कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून व्याप्ती प्रमाणपत्र घेतल्यास त्या देशातील वर्गणीतून सूट मिळवू शकतो. अमेरिकेशी असा करार नाही. त्यामुळे तेथे तात्पुरते काम करणाऱ्या अनेक भारतीयांना, त्यांत मराठी अभियंत्यांनाही, पुरेशा मुदतीअभावी ज्याचा लाभ मिळणार नाही अशी वर्गणी भरावी लागते.

## परदेशी नोकरीसाठी स्थलांतर

नोकरीसाठी परदेशात जाणाऱ्यांचे संरक्षण परागमन अधिनियम, १९८३ नुसार होते. भरती करणाऱ्या दलालाकडे परराष्ट्र मंत्रालयाचे नोंदणी प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. 'परागमन तपासणी आवश्यक' असा शिक्का असलेल्या पारपत्रधारकांना ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी परागमन संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. हे कार्यालय मुंबईतही आहे. दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. सुमारे १०,००० तरुणांना पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचे काम शालेय शिक्षण विभागाकडे देण्यात आले. अशा योजनेत निवड भारतात होत असली, तरी प्रत्यक्ष वेतन, विमा व कामाचे तास जर्मन कायद्यानुसार ठरतात.

खोट्या परदेशी नोकऱ्यांचे प्रकारही वाढले आहेत. थायलंडमध्ये माहिती तंत्रज्ञानाची नोकरी देतो असे सांगून भारतीय तरुणांना म्यानमारमधील फसवणूक केंद्रांत नेल्याच्या घटनांनंतर परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती.

## वाशीम जिल्ह्याचा संदर्भ

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख असून तिचा बहुतांश भाग ग्रामीण आहे. सोयाबीन, तूर व कापूस यांवर अर्थव्यवस्था अवलंबून आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्याबरोबर वाशीमचा आकांक्षित जिल्ह्यांत समावेश केला.

मोठे उद्योग थोडे असल्याने पदवीधरांना नोकरीसाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. दूरस्थ नोकरीमुळे गाव न सोडता काम करण्याचा एक पर्याय निर्माण झाला. परंतु ज्या जिल्ह्यात संघटित क्षेत्रातील नोकऱ्या कमी आहेत, तेथे नेमणूकपत्र, पगारचिठ्ठी व निधी यांचा घरातील अनुभवही कमी असतो. त्यामुळे परदेशातून आलेला करार वाचून त्याचा अर्थ सांगणारे मिळणे कठीण होते.

कर्मचारी प्रत्यक्ष जेथे काम करतो, त्या राज्याचे नियम सामान्यतः लागू होतात. त्रयस्थ नियोक्त्याची नोंदणी बंगळूरूत असली, तरी रिसोडला घरी बसून काम करणाऱ्याचा व्यवसाय कर महाराष्ट्राचा असतो. त्याच्या रजा व किमान वेतनाचाही विचार महाराष्ट्रातील कायद्यानुसार होतो. भविष्य निर्वाह निधी संघटनेचे जवळचे कार्यालय अकोल्यास आहे. उच्च न्यायालयीन दाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे मागावी लागते.

## शासकीय सेवेतील बाह्ययंत्रणा

बाह्ययंत्रणेचा प्रश्न खाजगी क्षेत्रापुरता नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये शासकीय व निमशासकीय कार्यालयांना कंत्राटी मनुष्यबळ पुरविण्यासाठी नऊ संस्थांची निवड करणारा शासन निर्णय काढला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि विरोधी पक्षांनी त्याला तीव्र विरोध केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय रद्द करण्यात आला. या वादात आरक्षण, नोकरीची शाश्वती आणि मधल्या संस्थेचे सेवाशुल्क हे मुद्दे पुढे आले होते. त्यांतील शाश्वती आणि सेवाशुल्क हे दोन मुद्दे परदेशी कंपनीच्या त्रयस्थ नियोक्ता पद्धतीतही उपस्थित होतात.

## मूल्यमापन

पगारपत्रक आउटसोर्सिंगमुळे लहान उद्योगांना गुंतागुंतीचे नियम पाळणे सुकर होते, चुका व दंड कमी होतात आणि कर्मचाऱ्याला नियमित पगारचिठ्ठी मिळते. परदेशी कंपनीला उपकंपनी न काढता भारतात माणसे नेमता येतात आणि लहान गावातील उमेदवारासाठी नोकरीची दारे उघडतात.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले जातात. दोन मालकांमुळे जबाबदारी विभागली जाते आणि तक्रारीच्या वेळी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. परदेशी कंपनीने सेवाकरार संपविला की नोकरीही संपण्याचा संभव असतो. कर्मचाऱ्याचे बँक खाते, पारपत्र, आरोग्य आदींविषयीची खाजगी माहिती दोन-तीन देशांतील संगणकांवर साठविली जाते. मुकादम, जॉबर आणि आधुनिक त्रयस्थ नियोक्ता यांच्या काळात व स्वरूपात मोठे अंतर आहे. आधुनिक पद्धतीत नेमणूकपत्र, बँकेमार्फत वेतन आणि निधीचे खाते असते. ही कागदपत्रे कामगाराच्या हाती असणे आणि त्याला ती वाचता येणे, यावरच तिचे श्रेष्ठत्व अवलंबून आहे.

## हेही पाहा

* कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना
* कामगार संहिता
* कंत्राटी कामगार
* गिरमिटिया
* वाशीम जिल्हा